साक्ष आणि ओवी

न्यायालयाच्या दप्तरातून कविता निघू शकते यावर चटकन विश्वास बसत नाही. चार्ल्स रेझ्निकॉफ या अमेरिकन कवीने ते करून दाखवले. वकिलीचे शिक्षण घेतलेल्या या कवीने १८८५ ते १९१५ या काळातले खटले वाचून 'टेस्टिमनी' रचले. त्यात अनाथाश्रमातून नुकतीच बाहेर पडलेली चौदा वर्षांची मुलगी आहे. पुस्तकबांधणीच्या कारखान्यातली पहिलीच नोकरी, आणि यंत्रात तिचे केस अडकतात. कवी हळहळत नाही, निकालही सांगत नाही. न्याय वाचकाने करायचा, हेच या काव्याचे बळ.

पण ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालेल का? मला शंका आहे. मथुरा प्रकरण घ्या. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातली, आईवडील नसलेली, मोलमजुरी करणारी आदिवासी मुलगी. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झाल्याची तिची तक्रार. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा विरोध नव्हता, असा निकालाचा सूर. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. इथे निकाल गाळून कविता लिहिली तर मर्मच हरवेल, कारण दुसरा घाव निकालाचाच होता.

शिवाय साक्ष लिहून घेताना बहुधा प्रश्न गळतात आणि उत्तरे सलग निवेदन होऊन उरतात. 'ओरडलीस का?' 'नाही.' एवढ्याचे कागदावर 'मी ओरडले नाही' होते. वाक्य तिच्या नावावर, पण विषय वकिलाने निवडलेला!

याउलट जात्यावरची ओवी पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी ग्रामीण महाराष्ट्रातून लाखावर ओव्या जमवल्या, त्याही गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. तिथे काय बोलायचे ते तीच ठरवते. दप्तरावरून लिहू पाहणाऱ्या कवीने आधी या ओव्या ऐकाव्यात.

आपल्या सिलिकॉन ओएसिसमधल्या घरांतही दूरदेशीच्या बायका कामाला येतात. त्यांची ओळख आपल्याला बहुधा पासपोर्टच्या प्रतीपुरती आणि कराराच्या कागदापुरती. त्यांच्यावर कविता सुचलीच, तर लिहिण्याआधी एकदा विचारावे, 'बाई, तुमच्याकडे काय गातात?'