सिद्धतेमागची माणसं

गणिताच्या पुस्तकात हसू-रडू कुठून येणार, असं आपल्याला वाटतं. सायमन सिंग यांचं ‘फर्माज लास्ट थिअरम’ (१९९७) वाचताना आमचा हा समज पार बदलला.

मूळ विधान शाळेतल्या मुलांनाही कळेल असं आहे. ३² + ४² = ५² हे आपण शिकवतोच. मात्र दोन धन पूर्णांकांच्या घनांची बेरीज कधीच पूर्ण घन होत नाही; पुढच्या प्रत्येक घातांकासाठीही तेच. सतराव्या शतकातलं फर्माचं हे विधान सिद्ध व्हायला साडेतीनशे वर्षं लागली.

या काळातली माणसं पुस्तकात भेटतात. सोफी जर्मेन पुरुषाचं नाव घेऊन गाउसला पत्रं लिहिते. अँड्र्यू वाइल्स दहाव्या वर्षी वाचनालयात हे कोडं वाचतात आणि मोठेपणी सात वर्षं गुपचूप त्याच्या मागे लागतात. जून १९९३मध्ये केंब्रिजला टाळ्यांच्या गजरात सिद्धता जाहीर होते, आणि तपासणीत तिच्यात खोट निघते! सप्टेंबर १९९४मध्ये, पूर्वी सोडून दिलेल्या रीतीतूनच वाट सापडते. मधले महिने वाचताना आमचाही जीव टांगणीला लागला होता.

मॉड्युलर फॉर्म्सपाशी मात्र लेखक हात आखडता घेतो. तिथे वाचकाला विश्वासावरच पुढे जावं लागतं. सिद्धतेचा गाभा हाती लागत नाही.

तरीही शिक्षकांनी हे वाचावंच. फळ्यावर आपण निर्दोष सिद्धता लिहितो, खाडाखोड पुसून टाकतो. मग गणित अडलेल्या मुलाला वाटतं, आपल्यातच काही कमी आहे. वाइल्सही वर्षभर अडले होते, हे त्याला सांगायला हवं.