क्यूबन सिनेमा : नाचगाण्यापलीकडचा

ठाण्यात एका फिल्म सोसायटीनं क्यूबन सिनेमाचा महोत्सव भरवला होता. तीन दिवस. प्रवेश मोफत, पण पत्रिका सभासदांपुरती. ती आमच्या मानपाड्यात कशी येणार? घोडबंदर रोडवरच्या टॉवरांत आली असेल, आमच्या गल्लीत आली नाही. कॉलेजातल्या एका पोराच्या मोबाईलवर कळलं म्हणून आम्ही चौघं बस धरून गेलो.

दारात चे गेव्हाराचा फोटो, जुन्या अमेरिकन मोटारींची पोस्टरं, सिगार ओढणारी एक काळी म्हातारी. उद्घाटनाच्या भाषणात 'उत्सवप्रिय' आणि 'लयबद्ध' हे शब्द पुन्हा पुन्हा आले. 'काळा' हा शब्द एकदाही आला नाही. मी मोजत बसलो होतो. आपल्याला हे नवं नाही. लोककलेच्या महोत्सवात हलगी असते, हलगी वाजवणाऱ्याची जात तेवढी नसते.

क्यूबाचे असे उत्सव जगभर होतात. न्यूयॉर्कमध्ये तर 2000 साली हवानाच्या नावानंच एक चित्रपट महोत्सव सुरू झाला. उत्सवाला माझा विरोध नाही. क्यूबानं जे केलं ते मोठंच आहे. 1 जानेवारी 1959 ला क्रांती झाली आणि मार्चमध्ये सरकारनं सिनेमाची संस्था काढली. ट्रकवर प्रोजेक्टर चढवून सिनेमा डोंगरात नेला. ऑक्तावियो कोर्तासारची 1967 ची 'पोर प्रिमेरा वेस', म्हणजे 'पहिल्यांदाच', ही छोटी फिल्म महोत्सवात दाखवली. ज्यांनी जन्मात पडदा पाहिला नाही अशी खेडुतं चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' बघतात आणि कॅमेरा त्यांचे चेहरे बघतो. मला आपले जलसे आठवले. 1930 च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार बाबासाहेबांचा विचार गाण्यातून गावोगाव नेत होते. लोक कलेकडे येत नाहीत म्हणून रडायचं नसतं, कला घेऊन लोकांकडे जायचं असतं. हे आपल्याला माहीत होतं, क्यूबालाही कळलं. ठाण्याच्या सोसायटीला मात्र मानपाड्यापर्यंतचं अंतर झेपलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोमास गुतिएरेस आलेआचा 'ला उल्तिमा सेना' होता, 1976 चा. शेवटचं भोजन. अठराव्या शतकाच्या अखेरचा काळ, उसाचा मळा. मळ्याचा मालक सरदार पवित्र गुरुवारी बारा गुलामांना निवडतो, त्यांचे पाय धुतो, त्यांना स्वतःच्या मेजावर जेवायला बसवतो. दारू पाजतो, धर्म सांगतो. दुसरा दिवस शुभ शुक्रवार, सुट्टीचा. पण मुकादम गुलामांना कामाला जुंपतो. गुलाम उठतात. मग तोच सरदार, ज्यानं पाय धुतले, त्यांची मुंडकी कापून खांबांवर लावतो. एक तेवढा निसटतो.

सिनेमा संपल्यावर चर्चा झाली. लिओनार्दो दा विंचीच्या चित्राशी तुलना झाली, प्रकाशयोजनेवर बोलणं झालं. आमच्यातला एकजण उठून म्हणाला, "साहेब, हे तर सहभोजन आहे." सभागृहात जरा हसू पिकलं. हसण्यासारखं काय होतं? बाबासाहेबांनी 1936 साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये लिहून ठेवलंय की सहभोजनानं जात मेलेली नाही. पंगतीला बसवणं हे बसवणाऱ्याच्या मर्जीवर असतं. मर्जी गेली की पंगत उठते. आलेआनं हेच दाखवलंय. पंगतीत बसलेल्यांचे बाप-आजे ज्यांना आठवतात, त्यांना ते समजवायला दा विंची लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. या महोत्सवात सारा गोमेस नव्हती.

सारा गोमेस कोण? क्यूबाची काळी बाई. जन्म 1942, मृत्यू 1974, दम्यानं, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. क्यूबात पूर्ण लांबीचा कथापट करणारी पहिली स्त्री. तिचा एकच कथापट, 'दे सिएर्ता मानेरा', म्हणजे 'एका अर्थानं'. तो पुरा व्हायच्या आत ती गेली. आलेआ आणि इतर सहकाऱ्यांनी तो पुरा केला आणि 1977 साली तो लोकांपुढे आला. आम्ही तो मिळवला आणि एका रविवारी विहारात चादर बांधून दाखवला. खालची इंग्रजी अक्षरं मी उभा राहून मराठीत सांगत होतो. तीसेक माणसं होती.

लास याग्वास ही हवानाची झोपडपट्टी. क्रांतीनंतर ती पाडली, आणि तिथल्या माणसांनी स्वतः राबून मिराफ्लोरेस ही नवी वसाहत बांधली. इमारत पाडणारा लोखंडी गोळा पडद्यावर पुन्हा पुन्हा येतो. मारिओ हा त्या झोपडपट्टीत वाढलेला कामगार, योलांदा ही बऱ्या घरातली मास्तरीण. दोघांचं प्रेम आणि दोघांची भांडणं. नटांच्या मध्येच खरी माणसं खऱ्या नावानं येतात. घर नवं मिळालं, पण मारिओच्या डोक्यातला पुरुष जुनाच. दोस्तांत गेला की तो वेगळा, तिच्यासमोर वेगळा. शेवटी दोघं भांडत भांडतच नव्या इमारतींमधून चालत जातात. सिनेमा भांडण मिटवत नाही.

आमच्याकडे पुनर्वसनाचं बोलणं फुटांत चालतं. झोपडीच्या बदल्यात 225 चौरस फूट, मग 269, मग 300. गोळा फिरतो, लिफ्ट येते. पण लिफ्टमध्ये कोण कोणाला आडनाव विचारतं, ते मोजायचं माप सरकारकडे नाही.

बाबासाहेबांनी त्याच पुस्तकात समाजवाद्यांना बजावलं होतं : क्रांतीच्या आधी जातीशी भिडला नाहीत, तर क्रांतीनंतर भिडावंच लागेल. आपल्याला अजूनही कुणी ना कुणी सांगतं, आधी वर्ग, जात आपोआप जाईल. त्यांना क्यूबा दाखवा. तिथं गुलामी 1886 ला संपली. काळ्यांनी 1908 साली स्वतःचा पक्ष काढला, 1910 साली कायद्यानं त्यावर बंदी आली, 1912 साली हजारो काळी माणसं मारली गेली. क्रांतीनं शाळा, दवाखाने, समुद्रकिनारे सगळ्यांना खुले केले, हे खरंच. पण 1962 च्या हवाना जाहीरनाम्यात भेदभाव संपल्याचं जाहीर करून टाकलं. संपलंय म्हटल्यावर बोलणारा गुन्हेगार ठरतो. सारा तरीही बोलली, आणि क्रांतीच्या बाजूनं उभी राहून बोलली. म्हणून ती आपली.

पण तिच्याशीही माझं भांडण आहे. सिनेमात एक निवेदक आहे, सरकारी अहवाल वाचल्यासारखा. तो सांगतो, झोपडपट्टीची संस्कृती मागास आहे, अबाकुआ या पुरुषांच्या गुप्त मंडळामुळे बाई दाबली जाते, हे सगळं जायला हवं. बाईचं त्यांचं म्हणणं मान्य. पण हा आवाज कुणाचा? आपणही 14 ऑक्टोबर 1956 ला जुने देव सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. फरक हा की ते आपण सोडलं, कुणी साहेबानं येऊन सोडवलं नाही. साराच्या निवेदकाला हे कळत नाही. तिच्या कॅमेऱ्याला मात्र कळतं. तो माणसांच्या घरात शिरला की निवेदकाचा अहवाल तोकडा पडतो.

सिनेमा संपला. मी विचारलं, कुणाला काही बोलायचंय? घरकामाला जाणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "तो मारिओ आमच्या घरी पण आहे." सगळे हसले. मग मागून एका पोरीनं विचारलं, "दादा, जयंतीच्या कमिटीत बाया किती?"

कमिटीचा सेक्रेटरी मीच. बाया शून्य. खिचडी करायला वीस. मी चादर सोडायला लागलो, म्हणजे खरं तर तोंड लपवलं. ठाण्याच्या सोसायटीनं सारा गोमेसला वगळलं म्हणून मी एवढा तावातावानं लिहितोय, आणि माझ्या कमिटीची यादी माझ्याच खिशात होती.

ती यादी पुढच्या बैठकीत बदलायची आहे. विरोध होणार, तयारीनं या. चादर आणि प्रोजेक्टर आहे, दुसऱ्या वस्तीत दाखवायचा असेल तर सांगा, घेऊन येतो. मराठीत सांगायला या वेळी त्या पोरीला उभं करू.

जयभीम.