अवशेष, अडगळ आणि परतीचा प्रवासी

रोमच्या अवशेषांविषयीच्या युरोपीय लेखनात पहिल्या भेटीचे जेवढे कौतुक झाले, तेवढे दुसऱ्या भेटीचे झालेले नाही. १५ ऑक्टोबर १७६४ रोजी कॅपिटॉल टेकडीवर बसलेला असताना गिबनला आपल्या ग्रंथाची कल्पना सुचली, ही हकिकत सर्वपरिचित आहे (ती त्याने मागाहून घडवून सांगितली असावी, ही अभ्यासकांची शंकाही तितकीच जुनी). गटेचे उदाहरण अधिक उद्‌बोधक आहे. ऑक्टोबर १७८६ च्या अखेरीस तो रोमला पोचला तेव्हा वडिलांच्या घरातील भिंतींवर टांगलेल्या चित्रांतून ते नगर त्याच्या ओळखीचेच झालेले होते. अशा प्रवाशाची पहिली भेट म्हणजे एका वाचलेल्या संहितेची पडताळणी असते. नेपल्स आणि सिसिली पाहून जून १७८७ मध्ये तो रोमला परतला. या दुसऱ्या मुक्कामाचा वृत्तान्त मात्र १८२९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात त्या वेळची पत्रे व वार्धक्यात लिहिलेली निवेदने एकाआड एक येतात. अवशेषांचे थर येथे वर्णनाचा विषय न राहता निवेदनाची संरचना बनतात.

मराठी प्रवासवर्णनाला ही दुसरी भेट फारशी मानवलेली दिसत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’चे (१९६०) शीर्षकच या वाङ्‌मयप्रकाराची अट सांगून जाते: पूर्वी न पाहिलेले पाहणे. मीना प्रभू यांच्या ‘रोमराज्य’ने इटलीसाठी दोन भाग खर्ची घातले, ही त्या परंपरेतील मोठीच मजल होय. तरीही माहितीचा विस्तार आणि परतण्याची जाणीव या दोन भिन्न गोष्टी आहेत. परतणाऱ्याला स्थळाबरोबरच आपल्या आधीच्या पाहण्याचेही परीक्षण करावे लागते.

ही जाणीव मराठीत प्रवासवर्णनाऐवजी कादंबरीत आली, आणि तीही खानदेशाच्या वाटेने. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’मधील (२०१०) खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक मोहेंजोदडोच्या उत्खननावरून वडिलांच्या आजारपणामुळे मोरगावला परत येतो. पाच सहस्रकांपूर्वीचे नगर मागे टाकून तो ज्या घराकडे निघतो, तेच त्याचे खरे उत्खननस्थळ ठरते. ‘अवशेष’ आणि ‘अडगळ’ या दोन शब्दांतील अंतर येथे निर्णायक आहे. अवशेषाला पाहणारा बाहेरून येतो. अडगळ मात्र घरातच असते, ती वापरात नसते आणि टाकवतही नाही. फ्रॉइडने १९३० मध्ये मनाला रोमची उपमा दिली. सर्व काळांतील वास्तू एकाच जागी उभ्या आहेत असे रोम त्याने कल्पिले आणि लगेच, एका जागेत दोन वास्तू मावत नाहीत म्हणून, ती उपमा सोडूनही दिली. घराच्या माळ्यावर ती अडचण येत नाही. नेमाड्यांची प्रतिमा या जागी फ्रॉइडच्या प्रतिमेहून अधिक काम करते. तथापि या कादंबरीचा दोषही येथेच आहे: खंडेरावाला प्रत्येक वस्तू बोलती हवी असते. मुके राहण्याचा अवशेषाचा अधिकार त्याला मान्य नाही.

तो अधिकार ज्या कवितेने जपला तीही खानदेशातीलच कवीची. बालकवींच्या ‘पारवा’मध्ये एक कोसळलेली धर्मशाळा आणि तिच्यावर बसलेला पारवा एवढेच आहे, राजा, वंश, सन काही नाही. धर्मशाळा ही मुळात प्रवाशासाठी बांधलेली वास्तू. तीच पडली असेल तर परतणाऱ्याने उतरावे कोठे, हा प्रश्न कविता न विचारताच उभा करते.

सुरत–भुसावळ लोहमार्गावर बालकवींचे धरणगाव आहे आणि त्याच मार्गावर, पश्चिमेला, नरडाणा. नरडाण्याजवळून मुंबई–आग्रा रस्ता जातो. त्याच्या दक्षिणेच्या अंगाला सोनगीरचा किल्ला, तर उत्तरेला तापीकाठी थाळनेर: फारुकी सुलतानांची जुनी राजधानी, त्यांच्या कबरी आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतलेला किल्ला. १८८० च्या खानदेश गॅझेटियरने या स्थळांची नोंद केली, ती जिंकलेल्या मुलखाची मोजदाद म्हणून. गावकऱ्याची दृष्टी याहून निराळी. जुन्या वस्तीच्या जागेला तो ‘पांढरी’ म्हणतो आणि तिची माती घराला वा शेताला वापरतो. मध्ययुगीन रोमकरही कोलोसियमचे दगड असेच नेत होते. त्या जागेला अवशेषपण आले ते दगड नेणे थांबल्यावर. पांढरीची माती नेणाऱ्याला परतावे लागत नाही, कारण तो गेलेलाच नसतो. नरडाण्याला उतरून थाळनेरची वाट धरणारा सुशिक्षित खानदेशी मात्र गॅझेटियर वाचून आलेला असतो, आणि पांढरीची माती ज्या घराला लागली त्याच घरातून तो बाहेर पडलेला असतो. त्याच्या दुसऱ्या भेटीचे गद्य मराठीत अद्याप लिहिले जायचे आहे.