मारुती कांबळे, दिगू टिपणीस आणि आपण

जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ १९७९ साली आला. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. मराठीत राजकीय चित्रपट म्हटला की आजही पहिले नाव याचेच निघते, आणि ते रास्त आहे. चित्रपटाच्या शेवटी वार्ताहर दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो. संवेदनशील माणसाच्या असहायतेचे हे हसू आहे, असे आपल्याकडे सांगितले जाते. मला या ठिकाणी एक साधा प्रश्न विचारायचा आहे. हे वेड कोणाला लागते? ज्याची व्यवस्थेकडून काही अपेक्षा होती त्याला. ज्याच्या पदरी व्यवस्थेने पहिल्यापासून धोंडाच टाकला, तो व्यवस्था सडली म्हणून वेडा होत नाही. तो दुसऱ्या दिवशी पहाटे कामावर जातो.

हे म्हणताना चित्रपटाचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक) आणि त्यांची खुर्ची घेऊ पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) यांच्यातला डाव इतक्या थंडपणे मराठी पडद्यावर पूर्वी कोणी मांडला नव्हता. यात खलनायक नाही. सगळेच आपापल्या जागी शहाणे आहेत. निळू फुले यांचा दिगू हा तर अभिनयाचा धडाच. त्याला सगळे ठाऊक असते. मंत्री त्याला विश्वासात घेतात, त्याच्याकडून बातमी पेरतात, त्याच्याकडूनच दुसऱ्याची बातमी काढतात. आपण बातमी मिळवतो आहोत की आपलाच वापर होतो आहे, हे त्याला कळेनासे होते. पत्रकारितेचा हा रोग साधूंनी आतून पाहिला होता, कारण ते स्वतः वार्ताहर होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या चित्रपटाचे चित्रण खुद्द मंत्रालयात करण्याची परवानगी शरद पवार मुख्यमंत्री असताना मिळाली. सत्ता आपली नालस्ती स्वतःच्या घरात करू देते, तेव्हा ती उदार असते हे खरेच. पण या नालस्तीने आपले काही बिघडणार नाही हेही तिला माहीत असते.

आता ‘सिंहासन’च्या आधीचा ‘सामना’ पाहा. दिग्दर्शक तोच, लेखक तोच, आणि निळू फुले इथे साखर कारखान्याचे सम्राट हिंदुराव धोंडे पाटील. एक व्यसनी, मोडलेला मास्तर (श्रीराम लागू) गावात येतो आणि मारुती कांबळेचे काय झाले हा एकच प्रश्न धरून बसतो. तेव्हापासून तो प्रश्न महाराष्ट्राच्या तोंडी बसला आहे. सभांत विचारला जातो, अग्रलेखांत विचारला जातो, आमदार एकमेकांना विचारतात. पण प्रश्न इतका प्रसिद्ध झाला आणि मारुती कांबळे मात्र कोणाला आठवत नाही. त्याचे घर कोणते, त्याच्या माघारी घरच्यांचे काय झाले, त्याच्या वस्तीने त्या दिवसांत काय सोसले, हे आपल्याला माहीत नसते. कांबळे हे आडनाव काय सांगते ते या पानांच्या वाचकाला सांगायला नको. चित्रपटात तो गायब झालेला माणूस म्हणून येतो. त्याच्याविषयी विचारणारा बाहेरचा, उत्तर देणारा पाटील, आणि खरा सामना त्या दोघांत. मेलेल्याच्या वस्तीला त्यात बोलायला जागा नाही.

इथेच १९७८ची आठवण करणे भाग आहे. त्या वर्षी १८ जुलैला वसंतदादा पाटलांचे सरकार पाडून शरद पवार मुख्यमंत्री झाले. ‘सिंहासन’मध्ये जे घडता घडता राहते ते इथे प्रत्यक्ष घडले. त्यानंतर नवव्या दिवशी, २७ जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाडा पेटला. घरे जाळली गेली, विहिरी नासवल्या गेल्या, माणसे परागंदा झाली. ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावी पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. आम्ही महागावचे लोक पैनगंगेच्या अलीकडचे. नदी ओलांडली की नांदेड जिल्हा. एका कांबळेचे काय झाले हे पडद्यावरून ऐकून महाराष्ट्र हळहळला होता, त्याला तीन-चार वर्षेही झाली नव्हती. दुसऱ्या कांबळेचे काय झाले हे विचारायला कोणता मास्तर गेला? नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

साधूंच्या कादंबऱ्या या दंगलीच्या आधीच्या आहेत, तेव्हा त्यांना यासाठी जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. पुढे जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटाच्या लेखनात साधू आणि दया पवार दोघेही होते, हेही विसरता येत नाही. माझे म्हणणे व्यक्तींबद्दल नाही, नजरेबद्दल आहे. ‘सिंहासन’ची नजर मंत्रालयाच्या जिन्यावर खिळलेली आहे. तिथून झोपडपट्टी दिसते, संप दिसतो, तस्करी दिसते. पण ते सारे खुर्चीच्या खेळातल्या सोंगट्या म्हणून. जात दिसते ती आमदारांच्या बेरजेपुरती. भ्रष्टाचार म्हणजे वरच्यांनी वरच्यांशी केलेला दगाफटका, आणि पत्रकार म्हणजे त्या दगाफटक्याचा साक्षीदार, ही पांढरपेशा समजूत त्यातून पक्की झाली.

आमच्या मुलखाला सिंहासन तसे अपरिचित नाही. शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ सलग मुख्यमंत्री होते. त्याच घरातले सुधाकरराव १९९१ मध्ये त्या खुर्चीवर बसले. बंजारा तांड्यातला माणूस राज्याच्या सर्वोच्च पदी बसला याचा आनंद आम्हालाही आहे, आणि दुष्काळात रोजगार हमीचे काम मिळाले म्हणून जगलेली माणसे आमच्या घरांत होती. पण खुर्चीवर कोण बसला याने हजेरीपटावर कोणाचा अंगठा उमटतो ते बदलले नाही. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला, म्हणजे ‘सिंहासन’ आला त्याच वर्षी. न आलेल्या मजुरांची हजेरी, खोदलेल्या खड्ड्यांचे फुगवलेले माप, शिष्यवृत्तीच्या सहीसाठी घातलेले हेलपाटे, गायरानावरच्या अतिक्रमणाच्या नोटिसा — आमचा भ्रष्टाचार हा असा आहे. त्यात कट नाही, रहस्य नाही, मध्यरात्रीचा फोन नाही. गावात सगळ्यांना तो माहीत असतो. जे सगळ्यांना माहीत आहे त्याला बातमी म्हणत नाहीत, आणि म्हणून ते छापून येत नाही. आमच्या घरी वर्तमानपत्र येई ते किराणा दुकानातल्या पुडीला गुंडाळून. तेल लागलेल्या त्या तुकड्यांवर मी वाचायला शिकलो, पण त्यात माझ्या वस्तीचे नाव कधी सापडले नाही.

तेंडुलकरांनीच पुढे ‘कमला’ नाटकात पत्रकाराचा दुसरा चेहरा दाखवला. इंडियन एक्सप्रेसचे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी १९८१ मध्ये बाजारातून एक स्त्री विकत घेऊन स्त्रियांची विक्री उघड केली, त्या घटनेचा त्याला आधार आहे. नाटकातला जयसिंग जाधव आदिवासी कमलाला पत्रपरिषदेत उभी करतो आणि तिची फजिती हीच त्याची बातमी होते. कमला त्याच्या बायकोला विचारते की तुला केवढ्याला घेतले. या विषयावरच्या साऱ्या मराठी लेखनात मला हीच जागा सर्वांत मोलाची वाटते, कारण जिच्याविषयी बातमी आहे ती इथे स्वतः प्रश्न विचारते. पण तेंडुलकर तिला लवकरच रंगमंचावरून घालवतात आणि उरलेले नाटक जयसिंग व सरिता यांचे होते.

शहरातल्या पत्रकाराने गावाकडे तोंड वळवले तर काय दिसते, हे दीपा भाटिया यांच्या ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) या माहितीपटात आहे. पी. साईनाथ विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त घरांत फिरतात, हा त्याचा विषय. मुंबईतल्या एका फॅशन सप्ताहाला ५१२ अधिकृत पत्रकार होते आणि विदर्भातल्या आत्महत्यांची बातमी देणारे बाहेरचे जेमतेम सहा, हा त्यांनी मांडलेला हिशेब कोणीही विसरू नये. तिथे मिरवले जात होते सुती कपडे, आणि कापूस पिकवणारे इथे मरत होते. आमच्याच तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी बायकोमुलांसह जीव दिला. राज्यातली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून तो दिवस आता दरवर्षी अन्नत्याग करून पाळला जातो. पण इथेही एक प्रश्न शिल्लक राहतो. मदतीच्या सरकारी निकषात सातबारा लागतो, कर्जाचा कागद लागतो. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, जो दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचतो आणि खासगी उचलीत बुडतो, त्याच्या मरणाला शेतकऱ्याचे मरण म्हणत नाहीत. साईनाथांची करुणा खरी आहे. परंतु मोजणी ज्या कागदांवरून होते त्यांवर आपले नाव नसते, हे आपल्यालाच सांगावे लागेल.

२००६ हे वर्ष या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे. जूनअखेर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची मदत जाहीर झाली, पत्रकारांच्या गाड्यांची धूळ आम्ही पाहिली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडली. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली आणि सुरुवातीच्या बातम्यांत त्याला अनैतिक संबंधांचा रंग देण्यात आला. सत्य बाहेर काढले ते कार्यकर्त्यांनी. ते गावात गेले, पंचनामे वाचले, शवविच्छेदनातल्या त्रुटींवर बोट ठेवले, अहवाल लिहून वाटले. मोठ्या वृत्तपत्रांना जाग आली ती लोक रस्त्यावर उतरल्यानंतर. २००८ मध्ये भंडारा न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. शोधपत्रकारिता म्हणतात ती हीच. फक्त करणाऱ्यांपाशी ओळखपत्र नव्हते, आणि त्यांच्यावर कोणी चित्रपट काढला नाही. त्यांच्यापैकी कोणी दिगूसारखे हसत सुटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यांना पुढच्या तारखेला न्यायालयात हजर राहायचे होते.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले, तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती. शंभर वर्षांनंतर उलटे झाले आहे: पैसे दिले की काहीही छापून येते. २००९च्या विधानसभा निवडणुकीत ‘अशोक पर्व’ या मथळ्याखाली एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत एकाच शब्दांतला मजकूर बातमी म्हणून आला, हे साईनाथांनी दाखवून दिले. अशोक चव्हाणांच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये त्या हिशेबावर ठपका ठेवला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो आदेश रद्द केला. वरचे हे असे. खाली तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या, २६ जानेवारीच्या जाहिराती गोळा कराव्यात आणि त्यावरच्या टक्क्यांत घर चालवावे. दिगू टिपणीसला मंत्र्याकडून निदान चहा तरी मिळत होता.

माझा एक माजी विद्यार्थी असे काम करतो. ज्या रस्त्याच्या कामावर त्याच्या वस्तीतल्या बायांनी खडी फोडली, त्याचा हजेरीपट त्याने माहिती अधिकारात मिळवला. त्यात दोन मयत माणसे आठवडाभर कामावर होती. बातमी त्याने पाठवली, आली नाही. ठेकेदाराची जाहिरात मात्र पुढच्या आठवड्यात आली, तीही त्याच्याच मार्फत, आणि त्याचे टक्केही त्याने घेतले. हे त्याने मला सांगितले तेव्हा तो हसला नाही. हजेरीपटाची नक्कल त्याने विहाराच्या फळ्यावर खडूने उतरवून ठेवली आहे, नावे आणि रकमांसह. ज्या बाया वाचू शकत नाहीत त्यांना शाळेतल्या पोरी वाचून दाखवतात, आणि आपल्या नावापुढची रक्कम ऐकून एकेक बाई सांगते की मला एवढे मिळाले नाहीत. त्या काय सांगतात ते त्याने दुसऱ्या वहीत लिहायला घेतले आहे.