बीडचा तवा, बिडाचा तवा

‘बीडचा तवा’ आणि ‘बिडाचा तवा’ ही दोन्ही रूपे बरोबर आहेत. पहिला तवा बीडच्या बाजारातला, दुसरा ओतीव लोखंडाचा. धातूच्या नावातली दीर्घ ई सामान्यरूपात ऱ्हस्व होते, जशी गरीब-गरिबाला किंवा वकील-वकिलाला या जोड्यांत होते. गावाच्या नावाला मात्र प्रत्यय थेट चिकटतो. गेवराईच्या किंवा केजच्या शाळेतले पोर हा भेद नियम न वाचता पाळते. मराठी लेखन तपासणाऱ्या कोणत्याही साधनाची पारख याच दोन तव्यांवर करावी. साधन एकालाच बरोबर मानत असेल तर त्याचा शब्दसंच तोकडा आहे. दोन्ही सोडून देत असेल तर ते निदान नम्र आहे. आणि ‘वाक्य सुधारले’ असे सांगून दोन्हींच्या जागी ‘लोखंडी तवा’ ठेवत असेल तर लेखकाने ते तत्काळ बंद करावे. हा तिसरा प्रकार सध्या जोरात आहे. परिच्छेद द्या, आम्ही शुद्ध करून देतो, असे म्हणणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मदतनीस आता फोनवर फुकट मिळतात. हस्तलिखित प्रकाशकाकडे जाण्याआधी त्यांच्या हाताखालून जाऊ लागले आहे आणि त्यातून बाहेर पडणारे गद्य इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखे असते: सुरकुती नाही आणि अंगाचा वासही नाही.

बाकीच्यांचा समाचार थोडक्यात घेता येतो. ग्रामरली मूळची इंग्रजीची, तिच्याकडून मराठीची अपेक्षा करणे आपलाच भाबडेपणा. वर्डमधली मराठी तपासणी लाल रेघ मारते आणि गप्प बसते. फोनचा कीबोर्ड शब्द सुचवतो खरा, पण त्याला लेखकापेक्षा घाई जास्त. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेल्या फाइली तर या चर्चेच्या बाहेरच राहतात. त्यांत पडद्यावर ‘मराठवाडा’ दिसत असले तरी आत रोमन अक्षरांच्या जागा भरलेल्या असतात, त्यामुळे युनिकोड वाचणाऱ्या साधनाला ती मराठीच वाटत नाही. जिल्ह्याच्या गावी डीटीपीवाल्याकडे पुस्तक देणाऱ्याने तपासणीचे साधन निवडण्याआधी ही अडचण निस्तरावी. युनिकोडमध्येही सगळे आलबेल नाही. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र दोन वेगळ्या संकेतक्रमांनी टाइप होतो. दिसायला दोन्ही एकच, पण यंत्राच्या हिशेबी ते दोन निरनिराळे शब्द, आणि त्यांतला एक चूक ठरू शकतो.

माझा कौल हनस्पेलला आहे. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स यांच्या पोटात चालणारे हे मुक्त साधन मूळचे हंगेरियन भाषेसाठी घडले. मराठी लेखकाने ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण तिच्यातच त्याचा फायदा आहे. हंगेरियन भाषा प्रत्ययांवर प्रत्यय चढवते, आपणही तेच करतो. ‘घर’ या एका शब्दापासून घराला, घराच्या, घरातल्यांनाही, घरासमोरच्यासुद्धा अशी रांग लागते. इंग्रजीच्या धर्तीवर प्रत्येक रूप वेगळे नोंदवायचे ठरवले तर कोश कधीच पुरा होणार नाही. हनस्पेल दोन साध्या मजकुरी फाइली ठेवते. एकीत मूळ शब्द आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन कोणत्या प्रत्ययगटात तो बसतो याची खूण, दुसरीत प्रत्यय लागताना शब्द कसा बदलतो याचे नियम. म्हणजे ‘गरीब’ला गरिबा- या गटात टाकायचे आणि ‘शरीर’ तत्सम म्हणून शरीराला असेच दीर्घ ठेवायचे, हा निर्णय कुणीतरी माणसाने घेतलेला असतो आणि तो उघड्या फाइलीत वाचता येतो. चुकला असेल तर बोट ठेवून दुरुस्त करता येतो. याच्या मर्यादाही उघड आहेत. ‘पिक’ म्हणजे कोकिळ हा शब्द यादीत असेल तर ‘यंदा पिक बुडाले’ हे वाक्य विनातक्रार पास होते, कारण हनस्पेल एकेक शब्द पाहते, वाक्य पाहत नाही. ज्या जिल्ह्याने 2020च्या खरिपात पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ राज्याला दिला, तिथे कोकिळेचा विमा निघालेला हनस्पेलला कळणार नाही. हे मान्य. पण ते आपले अज्ञान लपवत नाही. त्याला न कळलेल्या शब्दाखाली ते रेघ ओढते, शब्द खोडत नाही.

रेघ ओढणे आणि खोडणे यांतला हा फरक आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांनीही ओळखला होता. साहित्य महामंडळाचे 1962चे चौदा नियम आणि 1972ची चारची भर यांच्यावर पुणेरी म्हणून टीका करणे सोपे आहे. तरी त्याच नियमांत पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा आहे. निवेदनात ‘असे केले’, संवादात ‘असं केलं’. नियम करणाऱ्यांना ठाऊक होते की लेखनात एकापेक्षा जास्त माणसे बोलतात. यंत्राला हे दर वेळी ठाऊक असतेच असे नाही. ‘तो कवाच गेलता’ हे वाक्य अंबाजोगाईच्या म्हातारीचे की निवेदकाचे, हे त्याच्या दृष्टीने सारखेच असू शकते. त्याच अंबाजोगाईत 1983च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर होते, आणि माणदेशाची बोली ज्यांनी कथेत आणली त्यांना मराठवाड्याच्या मांडवात मान मिळाला. आजच्या सुधारक यंत्राने त्यांच्या ‘बनगरवाडी’तल्या माणसांची बोली तशीच ठेवली असती का, हा प्रश्न मी केवळ वादापुरता विचारत नाही.

ऊसतोडीचे उदाहरण घेतले की हे लख्ख दिसते. ‘एका कोयत्याने लाखाची उचल घेतली आणि पट्टा पडायच्या आत कोपी मोडली.’ यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कोशात सापडेल, पण वाक्याचा अर्थ उसाच्या फडातच कळतो. कोयता म्हणजे तोडणीला जाणारे नवराबायकोचे जोडपे, उचल म्हणजे मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे, पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणे, कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची तात्पुरती झोपडी. कोपी यादीत नसेल तर अक्षरांच्या अंतराने अगदी जवळच्या शब्दांत ‘कॉपी’ही निघतो. इथवर गंमत आहे. पण वाक्य ‘सुधारणाऱ्या’ यंत्राला कोयत्याने पैसे घेणे तर्काला सोडून वाटले तर ते ‘एका कामगाराने आगाऊ रक्कम घेतली’ असे करून देणार. व्याकरण निर्दोष होईल आणि जोडप्यातली बाई वाक्यातून निघून जाईल.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की प्रमाणभाषा नको का? स्पर्धापरीक्षा देणाऱ्या पोरांचे, सरकारी अर्ज लिहिणाऱ्यांचे काय? त्यांना जरूर हवी, आणि त्यांनी कडक तपासणी चालू ठेवावी. माझा वाद लेखकाच्या साधनाशी आहे. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने 1932 ते 1938 या काळात शब्दापुढे वऱ्हाडी, गोमंतकी, कुडाळी अशा खुणा कंसात दिल्या. शब्द अमुक प्रांतातला आहे एवढे सांगितले, चुकीचा आहे असे नाही. त्यानंतर नव्वद वर्षांनी आपण जी यंत्रे वापरतो त्यांतल्या बहुतेकांना बरोबर आणि चूक यांखेरीज तिसरा रकाना नाही. आणि सामग्री नाही अशी सबबही आता चालणार नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी बोलींचे सर्वेक्षण करून नमुने लोकांसमोर ठेवले आहेत. 2024च्या ऑक्टोबरमध्ये मिळालेल्या अभिजात दर्जाचे सत्कार आटोपले असतील तर बीड, लातूर, परभणी अशा जिल्हावार शब्दयाद्या उघड्या फाइलींत करणे हे काम कुण्या एका महाविद्यालयाच्या मराठी विभागाला एका वर्षात पेलण्यासारखे आहे. ते होईपर्यंत लेखकाने निदान आपल्या संगणकातल्या वैयक्तिक शब्दसंचात कोपी, वाढे, टायरगाडी असे फडातले शब्द घालत राहावे आणि ती फाइल शेजारच्या लेखकाला द्यावी. कंपनीच्या सर्व्हरवरच्या मदतनिसाला असा शब्द शिकवला तरी तो किती टिकेल हे लेखकाच्या हाती नसते.

याद्या अशा फुगवल्या तर चुका निसटतील, असे मुद्रितशोधक म्हणतील, आणि त्यांचे खरे आहे. ‘कॉपी’च्या जागी चुकून टाइप झालेले ‘कोपी’ उद्या रेघेशिवाय छापून येईल. येऊ द्या. परीक्षेत कोपी पकडली असे वाचून वाचक हसेल आणि दुसऱ्या आवृत्तीत ती दुरुस्त होईल. पण फडातल्या कोपीची कॉपी झाली, किंवा तिचे ‘झोपडी’ करून टाकले, तर तिथे आधी दुसरा शब्द होता हे कळायला पानावर काहीच उरत नाही. मुद्रितशोधकाच्या लाल शाईतून मूळ अक्षर निदान वाचता तरी येत होते.