वर्तुळात बसलेली मुलं : बालवाडीतली कला, खेळ आणि भाषा

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं बालवाडीवर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. आमच्याही आलं होतं. पण ज्ञान म्हणजे काय, शब्दाला अर्थ कुठून येतो, स्वातंत्र्य म्हणजे काय, हे आमचे जुनेच प्रश्न. ते सगळे साडेतीन वर्षांच्या मुलासमोर एकदम उभे राहतात. म्हणून आज त्याच्याकडे वळू.

सुरुवात एका वेळापत्रकापासून करतो. कुठल्याही शहरातल्या बालवाडीच्या भिंतीवर ते दिसेल. सव्वानऊ ते पावणेदहा भाषा, मग अंकओळख, मग डबा, मग चित्रकला, शेवटी पी.टी. म्हणजे बोलायचं एका वेळी, हात चालवायचा दुसऱ्या वेळी आणि उड्या मारायच्या तिसऱ्या वेळी. मोठ्यांच्या कचेरीला हे ठीक आहे. पण लहान मूल चित्र काढताना गप्प असतं का? ते बडबडत असतं, मान डोलवत असतं, कागदावर गाडी काढताना तोंडानं घर्रर्र करत असतं. त्याच्या लेखी ही एकच क्रिया आहे. तिचे तीन तुकडे आपण केले, आणि नंतर ते परत जोडायला ‘एकात्मिक उपक्रम’ नावाचं प्रशिक्षण काढलं.

आमची टीका मात्र वेळापत्रकाच्या मागे जी कल्पना आहे, तिच्यावर आहे.

भाषेपासून सुरू करू. वर्गात तक्ता असतो : अ अननसाचा, ब बदकाचा. बाई छडी ठेवतात, मुलं ओरडतात. सेंट ऑगस्टीननं आपल्या आत्मकथनात आपण भाषा कशी शिकलो याचं असंच वर्णन केलं आहे : मोठी माणसं वस्तूकडे वळून तिचं नाव घेत आणि मी ते लक्षात ठेवी. विट्गेनश्टाइनचं ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ 1953 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. त्याची सुरुवातच या उताऱ्यानं होते आणि मग तो त्याची चिकित्सा करतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की बोट दाखवून नाव सांगितलं म्हणजे भाषा आली असं होत नाही. बोट रंगाकडे आहे, आकाराकडे आहे की वस्तूकडे, हे कळायलासुद्धा आधी आपण मिळून काहीतरी करत असावं लागतं. शब्दाला अर्थ येतो तो या करण्यात. म्हणून त्यानं ‘भाषा-खेळ’ हा शब्द वापरला.

आता आपल्याकडचा एक खेळ घ्या. ‘मामाचं पत्र हरवलं’ सगळ्यांनी खेळलेला आहे. मुलं गोल बसतात. एकजण रुमाल घेऊन पाठीमागून पळतो, तो म्हणतो, बाकीचे उत्तर देतात. रुमाल कुणाच्या मागे पडला हे ज्यानं त्यानं ओळखायचं आणि उठून पळायचं. यात भाषा किती आहे बघा : विचारणं, उत्तर देणं, ताल, आपली पाळी. शरीर आहे : ऐकणं, वळणं, धावणं, जागा पकडणं. आणि कलाही आहे, कारण पत्र नाही, मामा नाही, नुसता रुमाल आहे, तरी सगळ्यांनी मिळून ते पत्र मानलं आहे. एक वस्तू दुसरीच्या जागी ठेवता येणं ही केवढी झेप आहे! उद्या कागदावरची एक रेघ ‘क’ या आवाजाच्या जागी ठेवायची, तीही हीच झेप. जे मूल रुमालाला पत्र मानतं, ते अक्षराच्या दाराशी उभं असतं.

इथे कुणी म्हणेल, बालवाडी ही कल्पनाच खेळावर उभी आहे, तुम्ही नवीन काय सांगता? बरोबर आहे. फ्रोबेलनं जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्गला 1837 मध्ये काम सुरू केलं आणि 1840 मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. प्रशियाच्या सरकारनं तर 1851 मध्ये या शाळांवर बंदीच घातली. ती 1860 पर्यंत उठली नाही. फ्रोबेल त्याआधीच, 1852 मध्ये गेला. त्याच्याविषयी आम्हांला आदर आहे. पण आदर म्हणजे चिकित्सा थांबवणं नव्हे.

फ्रोबेलनं मुलांना ‘देणग्या’ दिल्या : लोकरीचे रंगीत चेंडू, मग लाकडी गोल, घन, दंडगोल. प्रत्येकामागे त्याचं अध्यात्म होतं. चेंडू म्हणजे विश्वाची एकता, वगैरे. मुलांनी वर्तुळात बसायचं, कारण वर्तुळ हे मानवजातीच्या एकत्वाचं प्रतीक. जॉन ड्यूईनं 1916 च्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’मध्ये नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं. मुलं गोल बसतात ते सोयीचं असतं म्हणून. ते पुरेसं का नाही? मोठ्यांनी आपलं प्रतीक मुलाच्या खेळात घालून ठेवलं, की खेळ मुलाचा राहत नाही. पुढे अनुयायांच्या हाती काय झालं? खेळाचीही कवायत झाली. बाईंनी सांगितलं की घन उचलायचा, सांगितलं की ठेवायचा.

आम्ही हे मुद्दाम सांगतो आहोत. आपल्याकडे 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, त्यात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर आला. 2022 मध्ये त्या स्तराचा अभ्यासक्रम आराखडा आला. त्यात खेळ आहे, गोष्ट आहे, कला आहे, घरची भाषा आहे. हे सगळं स्वागतार्ह आहे. त्यात तैत्तिरीय उपनिषदातली पंचकोशांची कल्पनाही आहे. आम्ही आयुष्यभर उपनिषदं शिकवली, आम्हांला त्याचं वावडं नाही. पण धोका फ्रोबेलचाच आहे. उद्या बाईंना प्रत्येक उडीपुढे अन्नमय आणि प्रत्येक गाण्यापुढे आनंदमय असं लिहावं लागलं, तर त्या वहीकडे बघतील, मुलाकडे नाही.

दुसरी आमची तक्रार ‘साठी’ या शब्दाबद्दल आहे. रंगकाम कशासाठी? बोटांना वळण लागण्यासाठी. गाणं कशासाठी? शब्द वाढण्यासाठी. धावणं कशासाठी? लक्ष लागण्यासाठी. असे फायदे होतही असतील. पण जी गोष्ट नेहमी दुसऱ्याच गोष्टीसाठी असते, ती वेळ कमी पडला की पहिली कापली जाते. आणि उरते ती कशी, ते बघा. चित्रकला म्हणजे छापील आंब्यात रेघेबाहेर न जाता पिवळा रंग भरणं. आम्हांला एकदा एका स्पर्धेला परीक्षक म्हणून नेलं होतं. सगळे आंबे पिवळे. एक हिरवा होता. तो चूक म्हणून आधीच बाजूला काढलेला. कैरी हिरवी असते हो! तसंच स्नेहसंमेलन. चार वर्षांची मुलं रंगमंचावर, विंगेत बाई हातवारे करताहेत, मुलं प्रेक्षकांकडे न बघता विंगेकडे बघून नाचताहेत. हे नृत्य कुणाचं?

आणि इंग्रजी माध्यमाच्या कित्येक बालवर्गांत पाठ करून घेतलं जाणारं पहिलं वाक्य कुठलं? ‘मे आय गो टू टॉयलेट.’ शरीराची परवानगी परक्या भाषेत मागायची. ज्याला वाक्य आठवत नाही, त्याची चड्डी ओली होते आणि वर्ग हसतो. भाषा आणि शरीर एकत्र असतात याचा हाही एक पुरावा, पण उलट्या बाजूनं.

इथवर आलं की सभागृहात माना डोलतात. म्हणून एक प्रसंग सांगतो. एका पालकसभेत आम्ही असंच बोललो होतो. धुणीभांडी करणारी एक बाई उठून म्हणाली, “सर, खेळायला आमच्या गल्लीत जागा आहे. मी पोरीला शाळेत घालते ती अक्षरं यावीत म्हणून. तुमच्या घरी पुस्तकं आहेत, आमच्या घरी नाहीत.” आम्हांला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. काहीतरी बोललो, पण ते उत्तर नव्हतं.

त्या बाईंचं म्हणणं खरं होतं. ‘सहा वर्षांपर्यंत अक्षर नको’ हे म्हणणं ज्याच्या घरी अक्षर हवेतच असतं त्याला परवडतं. मारिया माँटेसोरींनी 1907 मध्ये रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह काढलं. तिथल्या मुलांना त्यांनी अक्षरं दिली, पण खरखरीत पॉलिशपेपरची. बोट अक्षरावरून फिरतं, कान आवाज ऐकतो. तिथे चार-पाच वर्षांची मुलं लिहू लागली. म्हणजे भांडण अक्षराशी नाही. अक्षर हातातून, कानातून येतं की नुसतं तक्त्यावरून ओरडून, हा प्रश्न आहे. माँटेसोरींचीही एक मर्यादा आम्हांला दिसते. कल्पनेच्या खेळाविषयी, परीकथेविषयी त्यांना फारसा विश्वास नव्हता. रुमालाचं पत्र त्यांच्या खोलीत कदाचित झालं नसतं.

या दोन्ही परंपरा पचवून आपल्या मातीत काम केलं ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं, 1957 मध्ये ते कोसबाडला गेलं. महागड्या साधनांऐवजी बिया, शंख, खडे, पानं, माती आली. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावर, अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ त्यातून आली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. त्यांनी गरिबाला ‘खेळ’ देऊन श्रीमंताला ‘शिक्षण’ ठेवलं नाही. मूल जिथे आहे तिथलं जगणं हाच त्यांनी धड्याचा आधार केला.

त्या बाईंना आज आम्ही काय सांगू? एवढंच, की तुमच्या पोरीला अक्षरं मिळालीच पाहिजेत. ती मागणी सोडू नका. पण सोबत हेही मागा, की तिला रोज कुणीतरी गोष्ट वाचून दाखवावी, तिच्या बोलीत तिला उत्तर द्यावं, कोरा कागद द्यावा आणि पळायला जागा द्यावी. तुमच्या गल्लीत जागा असेल, पण तिथे खेळताना तिचं बोलणं ऐकून घेणारं, त्यात भर घालणारं मोठं माणूस नसतं. त्यासाठी शाळा. आणि ते माणूस, म्हणजे अंगणवाडी सेविका, आपण कामगारसुद्धा मानत नाही. तिच्या हाती पडतं ते ‘मानधन’. पाया पाया म्हणायचं आणि पाया रचणाऱ्या बाईला मानावर ठेवायचं, ही आपल्या सगळ्या धोरणांवरची आमची शेवटची आणि सर्वांत मोठी टीका.

ती बाई आज इथे असती, तर हे उत्तर तिला पटलं असतं का, ते आम्ही सांगू शकत नाही. तुम्हांला पटलं का, ते विचारा. आता प्रश्न घेऊ.