‘होतो’ आणि ‘बळावतो’ : त्वचेच्या लिम्फोमाविषयीच्या मराठी वाक्यरचनेची चिकित्सा

‘जंतुसंसर्गामुळे त्वचेचा लिम्फोमा होतो’ हे वाक्य मराठीत सहज लिहिले जाते. ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु शास्त्रदृष्ट्या सदोष आहे. दोषाचे स्थान ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययात व ‘होतो’ या क्रियापदात आहे.

नाव व कारण यांची गल्लत या रोगाला नवी नाही. आलिबेर या फ्रेंच वैद्याने १८०६ मध्ये वर्णिलेल्या रोगास १८३२ मध्ये ‘मायकोसिस फंगॉइडिस’ हे नाव मिळाले. त्याच्या गाठी अळंब्यांसारख्या दिसतात, एवढाच त्या नावास आधार. बुरशीशी त्याचा संबंध नाही. तो त्वचेतील टी-पेशींचा लिम्फोमा होय.

आता जंतूंविषयी. या रोग्यांच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू वारंवार आढळतो व त्याची विषद्रव्ये रोगी पेशींच्या वाढीस चेतना देतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रगत अवस्थेतील ८ रुग्णांस प्रतिजैविके दिली, तेव्हा रोगाचा जोर ओसरला. परंतु रोगाने त्वचेचे कवच दुबळे होते व म्हणूनही जंतू तेथे ठाण मांडतात. अर्थात कार्यकारणाची दिशा येथे दुहेरी आहे. ‘मुळे’ ती एकेरी करून टाकते.

जठराच्या एका लिम्फोमाची गोष्ट निराळी. १९९३ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरीचा नायनाट केल्यावर ६ पैकी ५ रुग्णांत तो मागे हटला. तेथे ‘मुळे’ला अधिकार आहे. त्वचेच्या बाबतीत तो अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे.

यासाठी नवी परिभाषा घडविण्याचे कारण नाही. ‘दुखणे बळावले’ असे घरोघरी म्हटले जाते. ‘जंतुसंसर्गाने हा रोग बळावतो’ या वाक्यात रोगाचे अस्तित्व आधीचे ठरते व जंतूकडे केवळ साहाय्यकाची भूमिका राहते. पुराव्याने जेवढे सिद्ध होते, तेवढेच ते सांगते.

हा वाद निव्वळ शब्दांचा नाही. या लिम्फोम्याचे फिकट चट्टे कधी कधी कुष्ठरोगाचे भासतात. बीड जिल्ह्यातील चौसाळ्यासारख्या गावी असा चट्टा उठलेल्या माणसाच्या घरी ‘जंतूमुळे होतो’ हे वाक्य पोहोचले, तर त्याचा अर्थ ‘लागण होते’ असाच घेतला जाईल आणि त्याचे ताट वेगळे होईल. लिम्फोमा स्पर्शाने लागत नाही. वैद्यकीय मराठी लिहिणाराने क्रियापद निवडताना या ताटाची आठवण ठेवणे अगत्याचे आहे.